कप आला, पण लीग गेली

इंग्लंडच्या एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेची आवडती फायनल कुठली, असं फुटबॉलवेड्या माणसाला विचारलं की उत्तरात हमखास एखादा बडा क्लब येतो. मी 2013 सालच्या विगनचं नाव घेतो. समोरचा क्षणभर आठवतो आणि मग बोलतोच, ‘पण ते तर त्याच वर्षी रेलिगेट झाले ना?’ झाले की. शनिवारी कप जिंकला आणि मंगळवारी प्रीमियर लीगमधून बाहेर. एकाच मोसमात एफए कप जिंकून खालच्या श्रेणीत गेलेला पहिला क्लब ही त्यांची नोंद आहे. या ‘पण’बद्दल मला जरा ऐसपैस बोलायचं आहे.

विगन हे मँचेस्टर आणि लिव्हरपूल या फुटबॉलच्या दोन पंढरींच्या मधलं गाव. कोळशाच्या खाणी आणि सुताच्या गिरण्या यांच्यावर वाढलेलं आणि दोन्ही गेल्यावर कसंबसं सावरलेलं. त्यातून गावाचा जीव फुटबॉलवर नाहीच, रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारावर. विगन वॉरियर्स हा तिथला खरा लाडका संघ. विगन अॅथलेटिक हा फुटबॉल क्लब 1932 साली स्थापन झाला आणि इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये त्यांना जागा मिळाली थेट 1978 साली. ज्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांच्या क्लबांची रांग लागलेली आहे, तिथं हे म्हणजे कालचं पोर. फायनलला मँचेस्टर सिटीसमोर लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर उभं राहायचं म्हणजे पैसा, नाव, खेळाडू, कशातच बरोबरी नाही. सिटीकडं 2008 पासून अबू धाबीचा पैसा होता आणि आदल्याच वर्षी अगुएरोच्या शेवटच्या क्षणाच्या गोलवर त्यांनी लीग जिंकली होती.

पण ही गोष्ट 2013 मध्ये सुरू होत नाही. ती 7 मे 1960 ला सुरू होते, त्याच वेम्बलीवर. जुन्या वेम्बलीवर म्हणायला हवं, कारण ते पाडून नवं बांधलं गेलं ते 2007 साली. त्या दिवशी ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि वुल्व्हज यांच्यात फायनल होती. ब्लॅकबर्नच्या बचावफळीत डेव्ह व्हेलन नावाचा तेवीस वर्षांचा खेळाडू होता, विगनमध्ये वाढलेला. मध्यंतराच्या जरा आधी वुल्व्हजच्या नॉर्मन डीलीशी चेंडूसाठी झटापट झाली आणि व्हेलनचा पाय मोडला. स्ट्रेचरवरून बाहेर नेला त्याला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. येऊच शकत नव्हतं. तसा नियमच नव्हता. ब्लॅकबर्नच्या दहा जणांनी उरलेला सामना रेटला आणि 3-0 असा गमावला. त्यातले दोन गोल डीलीचे.

आज हे वाचताना विचित्र वाटतं. इतक्या मोठ्या सामन्यात अकरातला एक कायमचा गेला, तर त्याच्या जागी दुसरा उतरवायचा नाही? पण तेव्हाच्या समजुतीप्रमाणं अकरा म्हणजे अकरा. जखमी झालात तर तुमचं नशीब. या समजुतीचं मूळ स्पर्धेच्या पहिल्या फायनलपर्यंत जातं. 16 मार्च 1872, लंडनचं केनिंग्टन ओव्हल, म्हणजे आपल्याला कसोटी क्रिकेटमुळं माहीत असलेलं तेच मैदान. वाँडरर्स विरुद्ध रॉयल इंजिनियर्स. इंजिनियर्सच्या लेफ्टनंट क्रेसवेलचं गळपट्टीचं हाड पहिल्या दहा मिनिटांत मोडलं. तो मैदानात तसाच उभा राहिला, सामना संपेपर्यंत. संघ 1-0 ने हरला. सैनिकी संघ, व्हिक्टोरियन काळ, त्यामुळं याचं कौतुकच झालं असणार. मला मात्र त्या माणसाच्या हाडाचीच काळजी वाटते.

1950 च्या दशकात तर हा वेम्बलीचा शापच मानला जायचा. 1953 ला बोल्टनचा एरिक बेल लंगडत खेळला, त्या अवस्थेत त्यानं गोलही केला, आणि शेवटी बोल्टन 4-3 ने हरलं. 1957 ला मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूड गालाचं हाड मोडून बाहेर. 1959 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या रॉय ड्वाइटनं आधी गोल मारला, मग त्याचा पाय मोडला. आणि 1956 साली मँचेस्टर सिटीचा बर्ट ट्राउटमान.

ट्राउटमानची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, ती अशी: फायनल संपायला सुमारे सतरा मिनिटं असताना बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायाशी त्यानं झेप घेतली, मानेला जबर मार बसला, तरी तो गोलमध्ये उभा राहिला, सिटी 3-1 ने जिंकली आणि काही दिवसांनी एक्स-रेमध्ये दिसलं की मान मोडली आहे. मला यात वेगळाच धागा दिसतो. ट्राउटमान हा जर्मन पॅराट्रूपर, युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आणलेला. ज्या छावणीत त्याला ठेवलं होतं ती अॅश्टन-इन-मेकरफील्डला. तिथं कैद्यांच्या सामन्यांत खेळताना दुखापत झाली म्हणून मैदानातून गोलमध्ये गेला आणि तिथंच रमला. हे अॅश्टन आज विगनच्याच हद्दीत येतं. म्हणजे सिटीच्या सर्वांत प्रसिद्ध फायनलचा नायक गोलरक्षक म्हणून घडला तो विगनच्या वेशीवर. 2013 ची फायनल झाली तेव्हा तो हयात होता. त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलैमध्ये गेला.

एवढे हातपाय मोडून घेतल्यावर कुठं शहाणपण आलं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये बदली खेळाडूची सोय झाली. एफए कपच्या फायनलमध्ये पहिल्यांदा बदली खेळाडू उतरला तो 1968 साली, वेस्ट ब्रॉमविचचा डेनिस क्लार्क. व्हेलनच्या पायाला आठ वर्षं उशीर झाला होता.

व्हेलन त्यानंतर पुन्हा पहिल्या श्रेणीत उभा राहिला नाही. खालच्या श्रेणीत क्रूकडून काही वर्षं खेळला आणि मग धंद्यात पडला. विगनच्या बाजारात स्टॉल टाकला, त्यातून दुकानं उभी केली, पुढं खेळाच्या सामानाच्या दुकानांची साखळी देशभर पसरवली आणि 1995 साली गावचा क्लब विकत घेतला. क्लब तेव्हा चौथ्या श्रेणीत. हा बाबा म्हणाला, दहा वर्षांत प्रीमियर लीगमध्ये नेतो. लोक हसले असणार, कुणीही हसलं असतं. 2005 साली विगन प्रीमियर लीगमध्ये होतं. पैसा होता म्हणून झालं हे खरं, पण गावचाच माणूस, गावातच कमावलेला पैसा, गावच्याच क्लबात ओततो, याला वेगळी चव असते. स्टेडियमला स्वतःची आद्याक्षरं लावून घेतली, तेवढी हौस चालायचीच.

फार गोड चित्र रंगवत नाही. व्हेलन संत नव्हता. 2014 साली यहुदी आणि चिनी लोकांबद्दल जे बोलून गेला त्यासाठी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, म्हणजे एफएनं, त्याच्यावर दंड आणि सहा आठवड्यांची बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. फायनलच्या दोनच महिने आधी, मार्च 2013 मध्ये, विगनच्या कॅलम मॅकमॅनमननं न्यूकॅसलच्या हायदाराच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली होती की ते दृश्य दुसऱ्यांदा बघवत नाही. हायदारा स्ट्रेचरवरून गेला. मॅकमॅनमनवर कारवाई झाली नाही. आणि त्याची जाहीर पाठराखण कुणी केली? ज्याचा स्वतःचा पाय वेम्बलीवर मोडला होता त्यानं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण आपलं पोर ते आपलं पोर, हे क्लबच्या मालकाला सुटत नसावं.

विगनची त्या वर्षीची वाट पाहा. लीगमध्ये रडतखडत. कपमध्ये मात्र बोर्नमथला फेरसामन्यात हरवलं, मॅकल्सफील्डला एका पेनल्टीवर, हडर्सफील्डला चार गोल, आणि उपांत्यपूर्व फेरीत एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन 3-0. ते तिन्ही गोल चारेक मिनिटांत. एव्हर्टनच्या मंडळींना ते इतकं लागलं की मोसम संपताच त्यांनी विगनचा प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझच उचलून नेला! मार्टिनेझ हाही विगनचा जुनाच माणूस. क्लब चौथ्या श्रेणीत असताना, 1995 मध्ये, स्पेनहून खेळाडू म्हणून आलेला.

उपांत्य फेरीत मिलवॉल. मग 7 मेच्या मंगळवारी लीगमध्ये घरच्या मैदानावर स्वान्सीकडून 3-2 असा पराभव, आणि रेलिगेशनचं पाणी नाकापर्यंत. अशा अवस्थेत शनिवार, 11 मे उजाडला.

आपल्याकडं तो सामना रात्री पावणेदहाला सुरू झाला. आयपीएलचे दिवस होते, घरात टीव्हीवर हक्क सांगायला वाद घालावा लागला. संघ मैदानात येताना पुढं मार्टिनेझ आणि त्याच्या शेजारी व्हेलन होता. शहात्तर वर्षांचा मालक, सुटाबुटात. इतर वेळी क्लबचा मालक संघापुढं चालताना दिसला तर मला तो मिरवण्याचा प्रकार वाटला असता. इथं तो माणूस ज्या मैदानातून 53 वर्षांपूर्वी आडवा बाहेर गेला होता तिथं उभा चालत येत होता. चालण्यात घाई नव्हती. मान वळवून इकडंतिकडं बघणंही नव्हतं.

सामना सुरू झाल्यावर पंधरावीस मिनिटांतच लक्षात आलं की विगन जीव मुठीत धरून खेळायला आलेलं नाही. बावीस वर्षांचा मॅकमॅनमन उजव्या बाजूनं सिटीच्या क्लिशीला नाचवत होता. चेंडू पायाला चिकटलेला, एकदा आत, एकदा बाहेर, आणि क्लिशीसारखा मुरलेला बचावपटू प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा. हाच तो गुडघ्यावर लाथ घालणारा पोरगा, हे त्या रात्री मी स्वतःला मधूनमधून आठवण करून देत होतो आणि पुन्हा त्याच्याच खेळात गुंगत होतो. माणूस आवडत नाही पण त्याचा खेळ आवडतो, ही प्रेक्षकाची जुनी पंचाईत. सिटीलाही संधी मिळाल्या. तेवेझचा जवळून आलेला फटका विगनचा गोलरक्षक रोब्लेस यानं पायानं अडवला. पण सिटीच्या खेळात धग नव्हती. सिटीचा प्रशिक्षक मॅन्चिनी याची खुर्ची जाणार अशा बातम्या आदल्या दिवसापासूनच फिरत होत्या, आणि संघाला त्या माहीत नसणार असं कोण म्हणेल.

81व्या मिनिटाला विगननं खेळाडू बदलला. जोर्डी गोमेझ बाहेर, बेन वॉटसन आत. संपूर्ण सामन्यातला विगनचा हा एकच बदल. लालसर केसांचा हा मिडफिल्डर मोसमातला बराच काळ घरी बसून होता, कारण नोव्हेंबर 2012 मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याचा पाय मोडला होता. नुकताच कुठं खेळायला लागला होता. तो आला आणि तिसऱ्याच मिनिटाला सिटीचा झाबालेता मॅकमॅनमनला पाडून दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला. आता दहा जण सिटीचे.

भरपाईच्या वेळेतला पहिला मिनिट. इथं रात्रीचे साडेअकरा उलटून गेलेले. विगनला कॉर्नर. शॉन मॅलोनी चेंडू लावतो आणि नीट दोन पावलं मागं सरतो. चेंडू जवळच्या खांबाकडं येतो, फार उंच नाही, वेगात. वॉटसन गर्दीतून एक पाऊल पुढं निसटतो. सिटीचा रॉडवेल त्याच्या पाठीमागंच आहे, पण मागंच. वॉटसन चेंडूवर डोकं आपटत नाही, नुसता स्पर्श करून दिशा बदलतो. चेंडू कमान घेत सिटीचा गोलरक्षक जो हार्ट याच्या वरून पलीकडं जातो आणि जाळ्यात पडतो. हार्टचा हात वर गेलेला आहे आणि तो पोचत नाही एवढंच.

1-0. सामना संपला. सामनावीर मॅकमॅनमन. कप उचलायला दोघं: फायनलला कर्णधार असलेला एमर्सन बॉइस आणि दुखापतीमुळं बाहेर बसलेला क्लबचा कर्णधार गॅरी कॉल्डवेल. सूट घातलेला व्हेलन खाली-वर कुठं कुठं दिसत होता ते आता नीट आठवत नाही. मी स्वतःच उभा होतो.

एक पाय मोडला आणि बदली खेळाडू नव्हता म्हणून 1960 ची फायनल हातची गेली. मोडलेला पाय बरा झालेला एक बदली खेळाडू आला आणि 2013 ची फायनल हाती आली. कुणी कथेत लिहिलं असतं तर ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून मी पुस्तक मिटलं असतं.

मग पुढचे तीन दिवस. सोमवारी, 13 मेला सिटीनं मॅन्चिनीला काढलं, अगुएरोच्या त्या गोलला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. मंगळवारी विगन आर्सेनलकडं गेलं. जिंकणं भाग होतं. मध्यंतराच्या तोंडावर मॅलोनीनं फ्री किकवर बरोबरी साधली आणि वाटलं, होतंय की काय. उत्तरार्धात तीन गोल खाल्ले, 4-1. रेलिगेट. मोसमाअखेर 36 गुण, अठरावा क्रमांक.

माझा एक चुलतभाऊ बँकेत आहे, आमच्या कोल्हापुरातच. त्याच्याशी हा वाद दर दोनेक वर्षांनी होतो. ‘खुळा हैस काय,’ तो म्हणतो, ‘कपचं बक्षीस किती? अठरा लाख पौंड. आणि पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये नुसतं तळाला बसून टीव्हीचे किती मिळाले असते? सहा कोटींच्या वर. तू असतास तर काय केलं असतंस?’ हिशेब चुकीचा नाही. 2013-14 पासून टीव्हीचा नवा करार लागू झाला आणि त्या वर्षी तळाच्या क्लबलाही सहा कोटी पौंडांवर मिळाले. विगनचं पुढं काय झालं तेही त्याला पाठ आहे. 2020 साली क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, बारा गुण कापले गेले आणि त्या कापलेल्या गुणांमुळं ते आणखी एक श्रेणी खाली आले. कप तिजोरीत ठेवून पगार होत नाहीत, हे त्याचं शेवटचं वाक्य.

मला याचं उत्तर हिशेबात देता येत नाही आणि द्यायचंही नाही. पण हे त्यानं बोलावं याची गंमत वाटते, कारण तोही शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावरच वाढलाय. आमच्याकडं मोसम केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगनं सुरू होतो आणि मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक बाद फेरीच्या स्पर्धा. अमुक वर्षी लीग कुणी जिंकली हे विचारलं तर तो डोकं खाजवतो. पण पाटाकडील आणि दिलबहार या गावच्या संघांची कुठली फायनल टायब्रेकरवर गेली, शेवटची पेनल्टी कुणी घालवली, त्या रात्री पेठेत काय वातावरण होतं, हे तो जेवताना ताट बाजूला सारून सांगतो. लीग हा वर्षभराचा ताळेबंद असतो, आणि ताळेबंदाबद्दल बँकेतला माणूससुद्धा घरी येऊन बोलत नाही.

शिवाय मंगळवारी रेलिगेट झाले म्हणून शनिवारचं मोल कमी होतं, यामागं एक गृहीतक आहे: कपच्या नादानं लीग गेली. मला ते मान्य नाही. विगन आधीचे बरेच मोसम काठावरूनच वाचलं होतं, तुटपुंज्या पैशांत. बचाव कच्चा होता, जखमींची यादी लांबलचक होती. मे महिन्यातली एक फायनल नसती तर ते वाचले असते, असं छातीठोक कोण सांगेल? ते कधीतरी जाणारच होते. जाताना कप घेऊन गेले. त्याच ऑगस्टमध्ये रग्बी लीगच्या चॅलेंज कपची फायनलही विगन वॉरियर्सनं वेम्बलीवर जिंकली, म्हणजे दोन्ही खेळांचे कप एकाच वर्षी एकाच गावात. असं वर्ष इंग्लंडमधल्या किती गावांच्या वाट्याला येतं?

वॉटसनचं पुढं वाईट झालं. फेब्रुवारी 2014 मध्ये तोच पाय पुन्हा मोडला. तरी तो परतला आणि नंतर वॉटफर्डकडून प्रीमियर लीगही खेळला.

आणि कप? दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या विगननं तो सहजासहजी सोडला नाही. मार्च 2014 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा सिटीच समोर, तेही सिटीच्या घरी. तेव्हा विगनचा प्रशिक्षक होता ऊवे रोसलर. ट्राउटमानसारखा तोही जर्मन, 1990 च्या दशकात सिटीच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला खेळाडू, ज्यानं आपल्या मुलांची नावं कॉलिन आणि टोनी अशी सिटीच्या जुन्या खेळाडूंवरून ठेवली आहेत. विगननं 2-1 ने सामना जिंकला. उपांत्य फेरीत वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध गोमेझच्या पेनल्टीवर आघाडी घेतली आणि 82व्या मिनिटापर्यंत टिकवली. मग मर्टेसॅकरनं हेडरवर बरोबरी साधली आणि पेनल्ट्यांत विगन हरलं. चुलतभावाला मी हे दर वेळी ऐकवतो. तो म्हणतो, ‘त्या पेनल्ट्या कुणी घालवल्या?’ कॉल्डवेल आणि कॉलिसन. हे त्यालाही माहीत आहे, तरी विचारतो.